लॉगिनच्या पडद्यावरची बारीक अक्षरे आणि आपली चाळिशी

आमच्या वस्तीत विहाराला लागून असलेल्या अभ्यासिकेत तीन जुने संगणक आहेत. दिवसा मुले परीक्षेचे फॉर्म भरतात, संध्याकाळी बचत गटातल्या बाया हिशेब टाकायला येतात. गेल्या पावसाळ्यात गटाच्या सचिव ताई ओळीने चार दिवस तशाच परत गेल्या. "माझा पासवर्ड घेतच नाही," एवढेच म्हणायच्या. पोरे हसायची, "मावशी विसरली असेल." पाचव्या दिवशी आम्ही त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिलो. पासवर्ड अगदी बरोबर होता. पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत चार नावे होती आणि ताई आपला पासवर्ड दुसरीच्याच नावावर टाकत होत्या. नावे वाचता येत नव्हती, आणि तसे सांगायची लाज वाटत होती. आणखी दोन दिवस गेले असते तर त्यांनी हिशेबाचे काम कायमचे दुसरीकडे देऊन टाकले असते.

पोरांनी उपाय केला, पण चुकीचा. त्यांनी रिझोल्यूशन कमी करून ८०० बाय ६०० वर आणले. अक्षरे मोठी झाली, पण धुरकट आणि आडवी ताणलेली. फॉर्मचे खालचे बटण पडद्याबाहेर गेले ते वेगळेच. रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर किती ठिपक्यांनी चित्र काढायचे ते माप. आपल्या सपाट मॉनिटरचे ठिपके कारखान्यातच ठरलेले असतात, कुठे १३६६ बाय ७६८, कुठे १९२० बाय १०८०. त्याहून कमी आकडा दिला की थोड्या ठिपक्यांचे चित्र जास्त ठिपक्यांवर पसरावे लागते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात. ज्याची नजर आधीच अधू त्याला पुसट अक्षर देऊन काय उपयोग? म्हणून विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग डिस्प्ले उघडा. रिझोल्यूशनच्या ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिले आहे तोच ठेवा. अक्षरे मोठी करायची ती 'स्केल' या रकान्यातून, १०० वरून १२५ किंवा १५० टक्के. रिझोल्यूशन बदलताना पडदा काळा पडला तर घाबरून वायर उपटू नका. काही न दाबता पंधरा सेकंद थांबा, जुने माप आपोआप परत येते.

एवढे करून ताई दुसऱ्या दिवशी आल्या, तर लॉगिनची अक्षरे होती तेवढीच! इथे बरेच जण चकतात. स्केल बदलले ते एकेकाच्या खात्यापुरते असते. लॉगिनचा पडदा कोणाच्याच खात्यात नसतो, तो खात्याच्या अलीकडे असतो. खोलीत मोठा दिवा लावला म्हणून चाळीच्या जिन्यात उजेड पडत नाही. जिन्याचा दिवा वेगळाच लावावा लागतो.

विंडोजमध्ये लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी खूण असते. नव्या विंडोजमध्ये तिचा आकार हात पसरलेल्या माणसासारखा आहे. तिच्यावर क्लिक केले की 'मॅग्निफायर' म्हणजे भिंग मिळते. विंडोजचे बटण धरून अधिकचे चिन्ह दाबले की अक्षरे वाढतात, उणेचे दाबले की कमी होतात, एस्केप दाबले की भिंग बंद. पण ज्याला नावे दिसत नाहीत त्याला ती खूण तरी कशी दिसणार? म्हणून कोणा जाणत्याने एकदाच आत जाऊन ॲक्सेसिबिलिटीमध्ये मॅग्निफायर उघडावे आणि 'साइन इन करण्याआधी सुरू करा' हा पर्याय चालू करावा. मग भिंग आधीच हजर असते. मोतीबिंदू असलेल्यांना पांढऱ्या पडद्याची तिरीप लागते. त्यांनी त्याच खुणेतून गडद पार्श्वभूमी घ्यावी.

विंडोज १० ला मिळणारा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या संगणकांवर आता पुष्कळ ठिकाणी लिनक्स घालतात. उबुंटूमध्ये लॉगिनच्या वेळी वर उजवीकडे माणसाची खूण असते. त्यात मोठी अक्षरे आणि झूम दोन्ही आहेत. झुबुंटूसारख्या हलक्या प्रकारात लॉगिनसाठी वेगळे सेटिंग असते. त्यात फाँटचा आणि डीपीआयचा रकाना मिळतो. डीपीआय साधारण ९६ असतो, तो १४४ केला की अक्षरे दीडपट. संगणक दुरुस्तीवाल्या मुलाला एवढे सांगितले तरी पुरे, तो करून देईल. मात्र लॉगिनची अक्षरे एके दिवशी आपण काही न करता अचानक मोठी आणि पसरट झाली, तर दोष डोळ्यांना देऊ नका. बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर गेलेला असतो.

आता डोळ्यांकडे. ताईंचे वय शेहेचाळीस. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते आणि जवळचे दिसेनासे होते. हा आजार नव्हे, पण चष्मा लागतोच. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाया दुकानातून वाचायचा चष्मा आणतात. तो चष्मा हातातल्या कागदासाठी असतो, म्हणजे साधारण एक फुटाच्या थोडा पुढे. संगणक असतो दोन फुटांवर. मग बाई मान पुढे काढून बसते आणि महिन्याभराने 'मान दुखते' म्हणून गोळी मागायला येते. यावर आम्ही एक साधा उपाय सांगतो. खुर्चीत सरळ बसा, डोळ्यापासून पडद्यापर्यंत सुतळी धरा आणि तिथे गाठ मारा. ती सुतळी डोळे तपासायला जाताना सोबत न्या आणि सांगा, मला एवढ्या अंतरावरचे दिसायला हवे. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा थोडा खाली ठेवा, नाहीतर हनुवटी वर करून वाचावे लागते.

अक्षरे दीडपट करूनही पुसट दिसत असतील, किंवा एका डोळ्याने नीट आणि दुसऱ्याने धूसर दिसत असेल, तर मात्र सेटिंगशी खेळत बसू नका. मधुमेह असलेल्यांची साखर वरखाली झाली तरी नजर धूसर होते. त्यांनी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यावाच. अचानक अंधारी आली, डोळ्यासमोर काळे ठिपके नाचू लागले किंवा विजेसारखी चमक दिसली, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मुलांचे उलट असते. फळा दिसत नाही म्हणून ती पडद्याला नाक लावून बसतात आणि आपण त्यांना रागावतो. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते, आणि १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना चष्माही मोफत मिळतो.

ताईंचा चष्मा झाला. अभ्यासिकेतल्या तिन्ही संगणकांवर आता लॉगिनला भिंग आधीच चालू असते. तरुण पोरे कुरकुरतात, त्यांना एस्केपचे बटण दाखवून ठेवले आहे.