भरलेली गॅलरी

मुलांनो, अरबी समुद्राच्या पलीकडे ओमान नावाचा देश आहे. मस्कत ही त्याची राजधानी. मस्कतच्या पश्चिमेला सीब हा भाग आहे. अल मवालेह ही वस्ती याच भागात येते.

ओमानमध्ये फुटबॉल फार लोकप्रिय आहे. अल मवालेहच्या लोकांना सामने पाहायला दोन मैदाने जवळची. एक सीबचे. दुसरे बौशरचे सुलतान काबूस क्रीडासंकुल. तेथे सुमारे 34,000 प्रेक्षक बसू शकतात. पण कधी तेथे पाय ठेवायला जागा नसते, तर कधी बरीच बाके रिकामी राहतात. असे का होते बरे?

पहिले कारण हवा. उन्हाळ्यात मस्कतचा पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा उकाड्यात कोण बाहेर पडेल? दुसरे कारण वार. तेथे शुक्रवारी आणि शनिवारी सुट्टी असते. दुसऱ्या दिवशी शाळा असली, की मुले घरीच दूरदर्शनवर सामना पाहतात. तिसरे कारण चुरस. कोण जिंकणार हे सांगता येत नसेल, तर उत्सुकता वाढते.

2009 सालची गोष्ट. आखाती चषकाचा अंतिम सामना बौशरला होता. ओमानची गाठ सौदी अरेबियाशी होती. त्याआधी लागोपाठ दोन वेळा ओमान अंतिम सामन्यात हरला होता. या वेळी तरी चषक मिळेल का? मैदान खचाखच भरले. ओमानचा गोलरक्षक होता अली अल हब्सी. पूर्वी तो सीबच्या विमानतळावर अग्निशामक दलात काम करत असे. त्या संपूर्ण स्पर्धेत त्याने एकही गोल होऊ दिला नाही! अखेर पेनल्टी किकवर ओमान 6-5 असा जिंकला.

आपल्या कोल्हापुरातही असेच होते. शाहू स्टेडियमवर पेठांचे आणि तालमींचे संघ खेळतात. ‘आपल्या पेठेचा संघ’ म्हणून लोक गर्दी करतात. आपलेपणा हे चौथे आणि सर्वांत मोठे कारण.

प्रेक्षकांचा खेळाडूंना उपयोग होतो का? होतो. 2020 साली करोनाच्या साथीमुळे जर्मनीत रिकाम्या मैदानांवर सामने झाले. तेव्हा घरच्या मैदानावर खेळणारे संघ पूर्वीपेक्षा कमी वेळा जिंकले. टाळ्या वाजवणारा प्रेक्षकही आपल्या संघाला बळ देत असतो.

स्वाध्याय

1. प्रेक्षक मैदानावर येण्याची किंवा न येण्याची चार कारणे लिहा.
2. 2009 च्या अंतिम सामन्याला एवढी गर्दी का झाली?
3. तुमच्या गावात कोणता सामना पाहायला सर्वांत जास्त लोक येतात? त्याची कारणे मोठ्या माणसांना विचारा व वहीत लिहा.