शुल्क माफ, पण पाण्याचा हिशेब बाकी

मुक्त व्यापार क्षेत्र म्हटले की करमाफी, शुल्कमाफी आणि परदेशी मागणी एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु कापडाच्या धंद्यातील आम्हा लोकांनी या हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्यासाठी बांगलादेशचे उदाहरण घेऊ.

तेथे पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र १९८३ साली चितगावला सुरू झाले. १९९३ मध्ये ढाक्याजवळ सावर येथे दुसरे उभे राहिले. हजारो हातांना, विशेषतः स्त्रियांना, काम मिळाले. हा फायदा आम्ही नाकारत नाही. मात्र कापड रंगविण्याचे कारखाने सर्वांत कडक अशा 'लाल' वर्गात टाकणारी पर्यावरण नियमावली आली १९९७ मध्ये, म्हणजे सावरचे क्षेत्र सुरू झाल्यावर चार वर्षांनी.

रंगाईत काय होते, हे आपण जाणतोच. कोरे कापड कॉस्टिक सोड्यात उकळायचे, ब्लीच करायचे, मीठ घालून रंगवायचे आणि पुन्हा पुन्हा धुवायचे. कापडावर न बसलेला रंग, सोडा व मीठ पाण्याबरोबर बाहेर जाते. शुद्धीकरण यंत्रणेने रंग व घाण बरीच कमी होते. विरघळलेले मीठ मात्र साध्या यंत्रणेने निघत नाही. ते शेतात साचते.

सावरचे सांडपाणी जवळच्या धलाई बिलात आणि पुढे बंशी नदीत गेले. बील म्हणजे उथळ, पाणथळ तळे. तेथील पाणी रंगीत व दुर्गंधीयुक्त झाले. मासेमारी आणि भातशेतीला फटका बसला. कारखान्याच्या नफ्यात मच्छीमार व शेतकऱ्याचा वाटा नव्हता, नुकसानीत मात्र होता.

यंत्रणा बसविणे हा एकदाचा खर्च आहे. वीज, रसायने आणि गाळाची विल्हेवाट हा रोजचा. ती बंद ठेवली की मीटरमागे काही पैसे वाचतात, आणि तेच आपल्याला 'स्वस्त भाव' म्हणून दिसतात. आम्हीही असा माल खुशीने घेतला आहे. रंगाई इतकी स्वस्त कशी पडली, हे कधी विचारले नाही.

आपल्या देशातही १९६५ साली कांडल्याला असे क्षेत्र सुरू झाले व २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचा कायदा झाला. तेव्हा हा धडा फक्त शेजाऱ्यांचा नाही. सौदा करताना तीन प्रश्न जरूर विचारावेत: सांडपाणी कोठे जाते? यंत्रणा रोज चालते काय? गाळ कोठे टाकतात? भाव थोडा चढेल. पण तो फरक आपण दिला नाही, तर काठावरच्या शेतकऱ्याला द्यावा लागतो.