शेतीज्ञानाची देवघेव आणि बदलते पाऊसमान
(यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामकार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी पाठ)

शेतीच्या धंद्यात जमीन, बियाणे, बैलजोडी आणि पैसा यांना जितके महत्त्व आहे, तितकेच महत्त्व वेळेवर हाती आलेल्या माहितीला आहे. उत्तम बियाणे अयोग्य दिवशी पेरले तर ते मातीत जाते. आणि गुणकारी औषध चुकीच्या रीतीने फवारले तर ते किडीऐवजी माणसाच्याच जिवावर उठते. पूर्वी ही माहिती बापाकडून मुलाला आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याला मिळत असे. पाऊसमान ठराविक चाकोरीतून जात होते तोवर नक्षत्रांच्या हिशेबाने चालणारा हा अनुभवाचा साठा पुष्कळ अंशी पुरत असे. आता ती चाकोरी मोडली आहे. त्यामुळे जुना अनुभव टाकून न देता त्याला नव्या निरीक्षणाची जोड देणे, आणि एका गावी कळलेली गोष्ट दुसऱ्या गावी वेळेत पोहोचविणे, हे विस्तारकार्याचे मुख्य अंग झाले आहे. ते कसे पार पाडावे, याचा विचार या पाठात केला आहे.

१. जिल्ह्याची परिस्थिती

यवतमाळ जिल्ह्याचे १६ तालुके आहेत. दक्षिणेच्या सीमेवरून पैनगंगा वाहते आणि ईशान्येच्या बाजूस वर्धा नदी आहे. नद्यांच्या खोऱ्यांत भारी काळी जमीन, तर डोंगरउतारावर हलकी, मुरमाड जमीन आढळते. कपाशी, सोयाबीन व तूर ही खरिपाची मुख्य पिके होत. बहुतेक शेती कोरडवाहू असल्याने पावसाचा खंड आणि पावसाचा कहर या दोहोंचा मार शेतकऱ्यास सोसावा लागतो.

हे दोन्ही प्रकार एकाच हंगामात कसे घडतात, याचे उदाहरण २०२३ साली दिसले. २२ जुलै रोजी जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन नद्यानाल्यांना पूर आले. महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अडकलेल्या लोकांसाठी हेलिकॉप्टर बोलवावे लागले. पुढचाच ऑगस्ट महिना मात्र भारतात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्या हंगामात जुलैमध्ये पाणी बाहेर काढावयाचे आणि ऑगस्टमध्ये ओल धरून ठेवावयाची, त्या हंगामात एकच ठोकळ सल्ला सर्व शिवाराला लागू पडत नाही. शेतकऱ्याला दर आठवड्यास नवा निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यासाठी नवी माहिती लागते.

२. माहितीची साखळी कोठे तुटते

माहितीची साधने नाहीत असे नाही. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून विदर्भाच्या शेतीसाठी संशोधन करीत आहे. कृषी विज्ञान केंद्रे आहेत, कृषी खात्याचे गावपातळीवरील कर्मचारी आहेत. २००८ साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाल्यानंतर, २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ या नावाने किडींचे नियमित सर्वेक्षण सुरू झाले. ‘किसान कॉल सेंटर’चा १८००-१८०-१५५१ हा विनाशुल्क क्रमांक २००४ पासून आहे, आणि २०१९ पासून ‘मेघदूत’ या मोबाईल ॲपवर हवामानाधारित सल्लाही मिळतो.

तरीही साखळीचा शेवटचा दुवा, म्हणजे केंद्रापासून बांधापर्यंतचा, कच्चा राहिला तर काय होते याचा कटू धडा या जिल्ह्याने २०१७ साली घेतला. त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव मोठ्या प्रमाणावर झाला आणि फवारण्या वाढल्या. फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे पुढे आली. यांपैकी एकही गोष्ट शास्त्राला अज्ञात नव्हती. कोणते औषध कशात मिसळू नये, तोंडाला काय बांधावे, वाऱ्याच्या कोणत्या दिशेस चालावे, हे सर्व लिहिलेले होते. परंतु ते पंप पाठीवर घेणाऱ्या मजुरापर्यंत त्याच्या बोलीत आणि त्या सकाळी पोहोचले नव्हते. ज्ञान असणे आणि ज्ञान पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रामकार्यकर्त्याने कायम ध्यानात ठेवावे.

३. शेतीशाळा आणि परदेशचा एक दाखला

ज्ञान पोहोचविण्याची एक कसोटीस उतरलेली पद्धत म्हणजे शेतीशाळा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने १९८९ साली इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या प्रश्नावर या शाळा प्रथम सुरू झाल्या. तेथून ही पद्धत आशियातील इतर देशांत व पुढे केनिया, युगांडा, टांझानिया इत्यादी आफ्रिकी देशांत गेली. महाराष्ट्रात २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, ज्याच्या पहिल्या टप्प्यातील १५ जिल्ह्यांत यवतमाळचाही समावेश होता, शेतीशाळांस महत्त्वाचे स्थान देण्यात आले. शेतीशाळेत व्याख्यान नसते. एका शेतकऱ्याच्या शेतात ठराविक दिवशी वीस-पंचवीस जण जमतात, झाडे मोजतात, पाने उलटून पाहतात, मित्रकीटक व शत्रुकीटक वेगळे करतात, आणि त्यावरून त्या आठवड्याचा निर्णय स्वतः घेतात.

आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाचा दाखलाही विचार करण्याजोगा आहे. त्या देशाच्या उत्तरेकडील यातेंगा भागात १९८०च्या सुमाराच्या दुष्काळात जमिनी कडक होऊन ओसाड पडल्या. तेथील याकूबा सावादोगो या शेतकऱ्याने ‘झाई’ या परंपरागत खड्ड्यांत सुधारणा केली. खड्डे अधिक मोठे घेऊन, पावसापूर्वी त्यांत शेणखत घालून त्याने ज्वारी-बाजरी पिकविली. खतामुळे वाळवी येई, ती कठीण थर पोखरी, आणि पावसाचे पाणी खड्ड्यात मुरे. पुढे त्याने आपल्या शेतावर वर्षातून दोनदा शेतकऱ्यांचा बाजार भरविण्यास सुरुवात केली. गावोगावचे शेतकरी तेथे बियाण्यांची व अनुभवाची देवघेव करीत. २०१८ साली त्याला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला. २०२३ साली तो निवर्तला.

या उदाहरणातून काय घ्यावे, हे नीट समजले पाहिजे. झाईचे खड्डे पापुद्रा धरलेल्या कडक जमिनीसाठी आहेत. यवतमाळच्या भारी काळ्या जमिनीत ते केल्यास जोराच्या पावसात पाणी साचून मुळे कुजतील. म्हणून घ्यावयाचा तो खड्डा नव्हे, तर बाजार भरविण्याची रीत. दुसऱ्याचा उपाय जसाच्या तसा उचलणे ही ज्ञानाची देवघेव नव्हे. तो उपाय कोणत्या जमिनीवर, किती पावसात आणि कशामुळे यशस्वी झाला, हे विचारून मग आपल्या शेताच्या एका कोपऱ्यात करून पाहणे, ही खरी देवघेव होय.

४. गावाने एकत्रितपणे करावयाची चार निरीक्षणे

(अ) पावसाची मोजणी. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पडलेला पाऊस आपल्या शिवारात पडलाच असेल असे नाही. म्हणून प्रत्येक गावात निदान एक पर्जन्यमापक असावा. तो न मिळाल्यास सरळ उभ्या कडांचा, तळ सपाट असलेला डबा घर व झाडांपासून दूर मोकळ्या जागी ठेवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता पाण्याची खोली पट्टीने मोजावी. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. हा आकडा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये. पहिल्या सरीवर घाईने पेरल्यास व पुढे खंड पडल्यास दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो, आणि लहान शेतकऱ्याच्या कर्जाची सुरुवात अनेकदा तेथूनच होते.

(आ) बियाण्याची उगवण. सोयाबीनच्या दाण्याचे साल नाजूक असते. पोती आदळल्याने उगवणशक्ती घटते. घरच्या बियाण्यातील १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावे, ओल टिकवावी, आणि सातआठ दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावे. ७० किंवा अधिक उगवल्यास हेक्टरी ७५ किलो या शिफारशीप्रमाणे बियाणे वापरावे. ६० च उगवल्यास ७५ ला ७० ने गुणून ६० ने भागावे, म्हणजे सुमारे ८७ किलो लागेल. ही चाचणी मे महिन्यात गावाने एकत्र बसून केल्यास कोणाकडे चांगले बियाणे शिल्लक आहे हेही सर्वांस कळते आणि गावातल्या गावात बियाण्याची सोय होते.

(इ) रुंद वरंबा-सरी. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या संस्थेने काळ्या जमिनीसाठी विकसित केलेली ही पद्धत आता ‘बीबीएफ’ यंत्राच्या नावाने परिचित आहे. वरंब्यावर पीक व दोन्ही बाजूंस सरी अशी रचना असल्याने अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते, आणि खंडाच्या काळात सरीत मुरलेली ओल पिकाच्या मुळांस मिळते. २०२३ सारख्या हंगामात हे दोन्ही उपयोग कामी येतात. गावात एकाने तरी निम्मे शेत सपाट व निम्मे वरंब्यावर पेरावे आणि मळणीचे वजन दोन्हीकडे वेगळे घ्यावे. शेजारच्या शेतातील तराजू शंभर पत्रकांहून अधिक पटतो.

(ई) कपाशीवरील किडीची गणना. पेरणीनंतर सुमारे ४५ दिवसांनी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ किंवा अधिक नर पतंग आढळल्यास, अथवा २० हिरवी बोंडे फोडून पाहिली असता २ बोंडांत अळी मिळाल्यास, उपाययोजनेची वेळ आली असे समजावे. न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली फुले, म्हणजे डोमकळ्या, दिसताच तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर पीक संपवावे. फरदड घेऊ नये. एकट्याने फरदड मोडून भागत नाही, कारण शेजारच्या धुऱ्यापलीकडे उभी असलेली पऱ्हाटी पुढील हंगामाची अळी पोसते. येथे गावाचा निर्णय हाच उपाय असतो.

५. कोणाकडून कोणाकडे

माहिती वरून खाली वाहते, ही समजूत सोडावी. निंदण व वेचणी मुख्यतः स्त्रिया करतात. डोमकळी व किडके बोंड प्रथम त्यांच्याच हाती लागते. म्हणून शेतीशाळेत केवळ सातबारावर नाव असणाऱ्यास बोलावणे पुरेसे नाही. बचत गटाच्या बैठकीत बोंडे फोडून दाखवावीत, आणि तेथे मिळालेली माहिती फळ्यावर यावी.

भाषेचाही विचार करावा. केळापूर, झरी जामणी व मारेगाव या भागांतील कोलाम व गोंड वस्त्यांत, तसेच पुसद, दिग्रस, दारव्हा भागांतील बंजारा तांड्यांत तेथील बोलीत समजावून सांगणारा माणूस वस्तीतूनच निवडावा.

आठवडी बाजाराचा दिवस वाया घालवू नये. त्या दिवशी चार-पाच गावचे लोक एकत्र येतात. पावसाचा आकडा, सापळ्यातील पतंग आणि उगवणीचा निकाल मांडणारा एक फळा बाजारात लावल्यास शेजारगावचा अनुभव आठवड्याच्या आत कळतो.

मोबाईलवरील संदेशांची मात्र परीक्षा घ्यावी. ज्या संदेशात स्थळ, तारीख, जमिनीचा प्रकार व सांगणाऱ्याचे नाव नाही, तो पुढे पाठवू नये. अपयशाचीही नोंद ठेवावी. फसलेल्या प्रयोगाची वार्ता वेळेत कळल्यास दहा शेतकऱ्यांचे नुकसान टळते.

६. फवारणीपूर्वी सर्वांस सांगावयाच्या गोष्टी

औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. शिफारस नसता औषधे एकत्र मिसळू नयेत. मुखपट्टी, हातमोजे, चष्मा व अंगभर कपडे घालावेत. उपाशीपोटी फवारू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस फवारू नये. काम चालू असता तंबाखू खाऊ नये. मळमळ, चक्कर किंवा अंधुक दिसणे सुरू होताच काम थांबवून, कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन रोग्यास दवाखान्यात न्यावे, आणि औषधाचा डबा सोबत घ्यावा. मजूर लावणाऱ्या मालकाने ही साधने मजुरास देणे हे त्याचे कर्तव्य होय.

किडीच्या सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. त्यासाठी ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून, साबणाचा चुरा घालून एकूण १०० लिटर द्रावण करावे. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडीच गोळा करून वाळवून ठेवाव्यात.

७. वर्षाचे काम

मे : उगवणचाचणी, पर्जन्यमापकाची मांडणी, शेतीशाळेच्या शेताची निवड.
जून : पावसाची रोजची नोंद, वाफशावर पेरणी, निंबोळ्या गोळा करणे.
जुलै-ऑगस्ट : शेतीशाळेची नियमित बैठक, सापळे, फवारणीची शिकवण.
सप्टेंबर-नोव्हेंबर : बोंडांची तपासणी, सोयाबीनच्या मळणीचे तुलनात्मक वजन.
डिसेंबर-जानेवारी : कपाशीचे पीक संपविणे, शेजारगावांसह अनुभवांचा मेळावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात गेल्या हंगामात पेरणीपूर्वी किती पाऊस झाला होता, हे कोणी मोजले होते काय?
२. गावातील किती कुटुंबांस दुबार पेरणी करावी लागली, आणि ती कशामुळे?
३. औषध निवडताना शेतकरी प्रथम कोणास विचारतात? त्याने पीक पाहिलेले असते काय?
४. फवारणीचे काम करणारे मजूर शेतीशाळेस येतात काय? येत नसल्यास ती कोणत्या वेळी भरवावी?

या प्रश्नांची उत्तरे गावाच्या वहीत लिहून ठेवावीत आणि पुढील मे महिन्यात ती पुन्हा वाचावीत.