औषधालयातील निर्णय : विद्यार्थ्यांना तो शिकवावा कसा?

साठी उलटलेली एक स्त्री औषधालयात येते. चार दिवसांपासून तोंड आले आहे, जेवताना आग होते, एखादे मलम द्यावे, एवढेच तिचे मागणे असते. समोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला अशा मलमांची नावे पाठ आहेत. ब-जीवनसत्त्वाच्या गोळ्याही हाताशी आहेत. व्यवहार दोन मिनिटांत उरकतो आणि ती घरी जाते. तिच्या पिशवीत मात्र मेथोट्रेक्झेट या औषधाची पट्टी असते. आठवड्यातून एकदाच घ्यावयाची ती गोळी गेले आठ दिवस ती रोज घेत असते.

हे प्रकरण अध्यापनासाठी रचलेले आहे. त्यातील चूक मात्र कल्पित नाही. सांधे सुजविणाऱ्या आमवातावर मेथोट्रेक्झेट अल्प मात्रेत, आठवड्यातून एकदा देतात. ते चुकून रोज घेतल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे अनेक देशांच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. तोंडातील व्रण हे त्या विषबाधेचे प्रारंभीचे लक्षण असू शकते. पुढे अस्थिमज्जेचे कार्य मंदावते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

याच विद्यार्थ्याला परीक्षेत मेथोट्रेक्झेटचे दुष्परिणाम विचारले, तर तो ते धडाधड लिहील. मग औषधालयात तो चुकला कोठे? वर्गातील प्रश्न औषधाकडून लक्षणाकडे जातो. रुग्ण लक्षण घेऊन येतो आणि औषधाचे नाव त्याच्या पिशवीतच राहते. या उलट्या वाटेने चालण्याचा सराव विद्यार्थ्याला कोणी दिलेला नसतो, आणि केवळ व्याख्यानांची संख्या वाढवून तो देताही येत नाही.

या प्रकरणाचा पाठ करावयाचा तर पहिली अट अशी की, अध्यापकाने आपण होऊन माहिती द्यावयाची नाही. रुग्णाची भूमिका त्याने स्वतः करावी किंवा एखाद्या विद्यार्थिनीला नीट पढवून द्यावी. विचारले तेवढेच सांगावयाचे. ‘दुसरे काही औषध चालू आहे का?’ असे विचारले, तर ‘सांध्यांच्या गोळ्या आहेत’ एवढेच उत्तर. पट्टी दाखवावयास सांगितली, तरच ती पिशवीतून बाहेर यावी. येथे प्रश्नाच्या शब्दांना फार महत्त्व आहे. ‘आठवड्यातून एकच घेता ना?’ असे विचारल्यास ती मान डोलावते, कारण सुशिक्षित माणसाला नाही म्हणणे तिला प्रशस्त वाटत नाही. ‘ही गोळी कशी घेता, मला सांगा पाहू’ असे विचारल्यास ती सांगते, ‘रक्तदाबाच्या गोळीबरोबर, रोज सकाळी.’ गोव्यात हा संवाद कोकणीत किंवा मराठीत व्हावयाचा, बेळगावकडे कन्नडमध्येही. इंग्रजी पुस्तकातून प्रश्न घोकलेला विद्यार्थी पहिल्याच वाक्याला अडखळतो. म्हणून सराव रुग्णाच्याच भाषेत झाला पाहिजे.

दुसरी अट निर्णयाची. चर्चा सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने तीन ओळी लिहून द्याव्यात : काय घडले असावे, आता या क्षणी मी काय करीन, आणि कोणती गोष्ट कळल्यास माझे मत बदलेल. लिहून दिलेला निर्णय मागे घेता येत नाही, आणि त्यामुळेच तो खरा ठरतो. चर्चेनंतर ‘मलाही हेच वाटले होते’ असे म्हणणारे प्रत्येक वर्गात असतात.

या प्रकरणात हमखास होणारी एक चूक अभ्यासू विद्यार्थ्यांचीच असते. मेथोट्रेक्झेट फॉलिक आम्लाच्या कार्यात अडथळा आणते हे त्यांना ठाऊक असते. म्हणून ते फॉलिक आम्लाची गोळी देऊन मोकळे होतात. परंतु मेथोट्रेक्झेटने अडविलेली पायरी ओलांडण्यास साधे फॉलिक आम्ल उपयोगी पडत नाही. त्यासाठी फोलिनिक आम्ल लागते आणि ते रुग्णालयात, रक्त व मूत्रपिंडाच्या तपासण्या करून द्यावे लागते. औषधालयातील योग्य निर्णय वेगळाच आहे : पुढची गोळी थांबविणे, ज्या डॉक्टरांनी औषध दिले त्यांना कळविणे, आणि औषधाचे नाव, मात्रा व किती दिवस घेतले हे लिहिलेली चिठ्ठी देऊन रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठविणे.

मग तेच लक्षण, पण वेगळे प्रकरण द्यावे. दुसरी स्त्री गोळी आठवड्यातून एकदाच घेते. पण मूत्रमार्गाच्या विकारासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी को-ट्रायमोक्सॅझोल दिले आहे, आणि या दोन औषधांची जोडी घातक ठरू शकते. तिसरीला असे कोणतेच औषध चालू नाही. नवी कवळी हिरडीला घासते, तिला दंतवैद्याकडे पाठवावयाचे. हे तिसरे प्रकरण नीरस म्हणून वगळण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रत्येक पाठात विषच दडलेले असेल, तर विद्यार्थी सर्वांनाच रुग्णालयाची वाट दाखवू लागेल. रोजंदारीवरील माणसाचा त्यात एक दिवस आणि प्रवासाचा खर्च जातो.

ही रीत नवी नाही. रुग्णाची भूमिका वठविणाऱ्या व्यक्तींच्या साह्याने शिकविण्याचा प्रयोग हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस एंजेलिस येथे १९६३ मध्ये केला. अशा छोट्या प्रसंगांतून परीक्षा घेण्याची पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी डंडी येथून १९७५ मध्ये मांडली. तिला महागडी सामग्री लागत नाही. लागतो तो अध्यापकाचा वेळ आणि सात-आठ विद्यार्थ्यांचा लहान गट.

आपल्याकडील नियमांतही त्यास जागा आहे. पदविका अभ्यासक्रमाच्या १९९१ च्या नियमावलीने ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घालून दिले, आणि त्यातील निदान २५० तास चिठ्ठीबरहुकूम औषधे देण्याच्या कामासाठी राखले. २००८ मध्ये सुरू झालेल्या सहा वर्षांच्या फार्म. डी. अभ्यासक्रमात अखेरचे वर्ष रुग्णालयातच काढावयाचे असते. २०१५ च्या व्यवसाय नियमावलीने रुग्णास औषधाविषयी समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे काम ठरविले. तथापि तासांची नोंद ठेवणे सोपे. त्या तासांत विद्यार्थ्याने स्वतः किती निर्णय घेतले, ते नोंदवहीत कोठे उतरावे? आठवड्यातून एका रुग्णाविषयी वर सांगितलेल्या तीन ओळी लिहावयास लावल्या तरी पुष्कळ होईल. ग्रामस्थांनीही औषधालयात जाताना घरातील सर्व पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. विद्यार्थ्याने विचारपूस केल्यास ती चौकशी फाजील समजू नये.

पाठाच्या अखेरीस अध्यापकाने काळ मागे न्यावा. ती स्त्री बार्देशातील आहे आणि मेथोट्रेक्झेटची पहिली पट्टी घ्यावयास आज आली आहे असे समजावे. तिला वाचता येत नाही. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ असे लिहून काय साधणार? विद्यार्थी विचार करतात. डॉक्टरांच्या संमतीने शुक्रवार ठरवितात, म्हणजे म्हापशाच्या बाजाराचा दिवस. ‘बाजाराच्या दिवशी एक, इतर दिवशी नाही,’ असे तिला सांगतात, आणि तिच्याच तोंडून ते परत म्हणवून घेतात.