हे कोणत्या तलावाविषयी?

ज्या प्रश्नामुळे माझ्या चौतीस वर्षांच्या अध्यापनाचा हिशेब मला पुन्हा मांडावा लागला, तो तीन शब्दांचा होता, पेन्सिलीने समासात लिहिलेला होता आणि मला उद्देशून तर नव्हताच. सिंदेवाही तालुक्यातील एका खेड्यातून, माझ्याच हाताखाली बारावीपर्यंत मराठी शिकून नागपुरास बी. ए. करावयास गेलेली एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटीत गावी आली, ती घरी न थांबता माझ्या ओसरीवर आली आणि घडी घातलेले चार कागद माझ्यापुढे ठेवून उभी राहिली. प्राध्यापकांनी विषय दिला होता ‘पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचा ऱ्हास : कारणमीमांसा’. तिचा निबंध ‘पाणी म्हणजेच जीवन’ या वाक्याने उघडत होता. मग पंचमहाभूते, मग नद्यांच्या काठी बहरलेल्या प्राचीन संस्कृती, मग मानवाची हाव, आणि अखेरीस ‘चला, आपण सारे शपथ घेऊ या’. पहिल्या पृष्ठाच्या समासात प्राध्यापकांनी एवढेच लिहिले होते : ‘हे कोणत्या तलावाविषयी?’

“सर, तुमीच त असं लिवाले शिकवलं होतं,” ती म्हणाली. तिच्या स्वरात तक्रारीचा लवलेशही नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले.

ते अक्षरशः खरे होते. दरवर्षी जुलैत मी वीस विषय ठरवीत असे. ‘मी नदी बोलते’, ‘शेतकऱ्याचे मनोगत’, ‘पाऊस पडला नाही तर’ अशा विषयांचे उपोद्घात आणि उपसंहार वहीत उतरवून द्यावयाचे, चार सुभाषिते पाठ करून घ्यावयाची, आणि परीक्षेत विषय कोणताही येवो, ही मुले तयार सांगाड्यावर दीड पान उभे करतील एवढी तजवीज करून ठेवावयाची, असा माझा शिरस्ता होता. त्यामागे आळस नव्हता, भय होते. आमच्याकडील मुले घरी झाडीबोली बोलतात. तीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘र’ होतो, डोळ्याला डोरा म्हणतात. परीक्षक दूरच्या गावचा, त्याला ही भाषा गावंढळ वाटेल आणि मुलाचे गुण जातील, या धास्तीने मी त्यांच्या तोंडी उसनी भाषा घातली. गुण मिळाले, पालक संतुष्ट झाले, आणि ज्या पद्धतीने गुण मिळतात ती पद्धत बरोबरच असली पाहिजे, असा सोयीस्कर समज मी करून घेतला.

याच मुलीची अकरावीची एक वही मला त्या दिवशी आठवली. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर तिने लिहिले होते की आबाजीने तलावाचा तुडूम खोलला, रात्रभर बांधीत पानी आले आणि सकाळी पाऱ्यावर पाय घसरत सारे घर रोवणीला गेले. मी ‘पानी’चे ‘पाणी’ केले, ते योग्यच होते. परंतु ‘तुडूम’ खोडून त्यावर ‘जलद्वार’ लिहिले आणि खाली शेरा दिला : ‘भाषा ग्राम्य. कल्पनाविस्तार नाही.’ त्यानंतर तिने तलाव कधी लिहिला नाही. ज्या तलावाच्या पाण्यावर तिच्या बापाची धानाची बांधी पिकत होती, त्याच्या ऱ्हासाची कारणे विद्यापीठाने विचारली, तेव्हा तिने पंचमहाभूते लिहिली.

त्या सुटीत आम्ही तो निबंध पुन्हा लिहावयास घेतला. आरंभ तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, झाला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी शेतकऱ्यांनी ते बांधले व राखले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या गावमालकांच्या, ताब्यात होते, आणि 1951 साली मालगुजारी संपुष्टात आली तेव्हा सरकारजमा झाले, हे तिला ठाऊक होते. पण हे सर्व तलावांविषयी झाले. हा तलाव कशाने उथळ झाला, हे त्यातून निघत नव्हते. पाळीवर भेटलेल्या एका वृद्धाने सांगितले, “तुडूम खोलाले आता कोनी ठरलेला मानूसच नाही,” आणि तिच्या वहीत प्रथमच एक असे वाक्य आले की ज्याला उत्तर द्यावे किंवा ज्याचा प्रतिवाद करावा असे काही त्यात होते. मग तहसिलीत अर्ज करून वाजिब-उल-अर्जाची आणि निस्तारपत्रकाची नक्कल मागविली; त्या जुन्या दस्तऐवजांत पाणी कोणी, कोणत्या क्रमाने घ्यावे आणि पाळीची दुरुस्ती कोणी करावी याची नोंद असते, ही गोष्ट तलावाशेजारी जन्मलेल्या त्या मुलीला ठाऊक नव्हती, आणि तिच्या शिक्षकालाही नव्हती.

शाळेतील निबंधाला विषय असतो, महाविद्यालयातील निबंधाला प्रश्न असतो, हे मला साठीनंतर त्या पाळीवर कळले. विषयावर कितीही बोलता येते. प्रश्नाला उत्तर द्यावे लागते, आणि ते चुकीचे ठरू शकते. तिने प्रथम लिहिले, ‘मालगुजार गेले म्हणून तलाव गेले.’ हे वाक्य सुरेख होते, पण मी तिला थांबविले. मालगुजाराच्या काळी गाळ काढणारे हात कोणाचे होते, त्यांना मजुरी मिळे की ती वेठ होती, ज्या गावचा तलाव आजही नांदता आहे तेथे काय निराळे घडले, ही विचारणा केल्यावर ते वाक्य टिकले नाही. त्याच्या जागी जे आले ते कमी झळकदार होते : मालकी सरकारकडे गेली, परंतु देखभालीची जबाबदारी वाटली जाता जाता कोणाचीच उरली नाही, आणि हे विधान तिने फक्त आपल्या गावापुरते केले. विधान जेवढे पेलते तेवढेच करावे, हा संयम शालेय निबंधात आम्ही कधी शिकवीतच नाही. तेथे प्रत्येक मुलाला अखिल मानवजातीचा निवाडा करावयास बसवितो.

दुसरी गोष्ट ऋणनिर्देशाची. आमच्या मुलांना उतारा उचलणे गैर वाटत नाही, कारण पाठ केलेले लिहिणे हाच गुण आम्ही ठरविला. पूर्वी तो उतारा गाइडातून येई, आता मोबाइलमधून येतो. नियम सांगून हे समजत नाही, म्हणून मी त्यांना शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांची हकीकत सांगतो. इयत्ता तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने आपल्या बांधीतील निराळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढविल्या, आणि तो धान एका घड्याळाच्या नावाने, एच. एम. टी. म्हणून, घरोघर पोहोचला. भात खाणाऱ्या लाखोंना तो कोणी दिला हे ठाऊक नव्हते, राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला तो 2005 साली. दुसऱ्याच्या बांधीतले बियाणे आणल्यास कोठून आणले ते सांगावे, हे या मुलांना लगेच पटते. वृद्धाचे वाक्य निबंधात घेताना ‘पाळीवर भेटलेल्या एका जुन्या शेतकऱ्याच्या म्हणण्यानुसार’ असे तिने आपणहून लिहिले.

शिक्षकबंधूंनी असे समजू नये की हे केवळ बी. ए. करणाऱ्यांपुरते आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत निबंधाला 250 गुण आहेत, आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. पाठ केलेले उपोद्घात तेथे पहिल्या परिच्छेदातच उघडे पडतात. बारावीच्या ‘युवकभारती’त अहवाललेखन आहे, ते परीक्षेपुरते न उरकता खऱ्या अहवालावर शिकवावे. आणि ज्यांना शाळेची नोकरी व सकस निबंध या गोष्टी एकत्र नांदत नाहीत असे वाटते, त्यांनी स्मरण ठेवावे की 1874 साली ‘निबंधमाला’ सुरू करणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर त्या वेळी सरकारी शाळेतील शिक्षकच होते.

भाषेविषयी माझे मत आता ठाम आहे. प्रमाण मराठीचे व्याकरण मुलाला आलेच पाहिजे, त्यात सवलत देणे म्हणजे त्याचे नुकसान करणे होय. परंतु ज्या वस्तूला प्रमाण भाषेत नेमका शब्द नाही, त्या वस्तूचा गावचा शब्द खोडण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. तिच्या दुसऱ्या निबंधाचे पहिले वाक्य असे होते : ‘आमच्या गावच्या तलावाचा तुडूम किती तरी वर्षांत वेळेवर उघडलेला नाही, आणि त्याचे कारण पाऊस नाही.’ हे लिहिताना तिने माझ्याकडे एकदा पाहिले होते. मी काही बोललो नाही.

बारावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते आणि महाविद्यालये जून-जुलैत उघडतात. मधले तीन महिने मुले मोहफुले वेचण्यात, तेंदूपत्त्यात किंवा नुसती बसून घालवितात. माझी विनंती एवढीच आहे की त्यांतील आठ सकाळी शिक्षकांनी मागून घ्याव्यात, उन्हे वर आल्यावर आणि घोळक्यानेच, कारण आमच्या तालुक्यात वाघाचे भय खरे आहे, मुलांना आपापल्या तलावाच्या पाळीवर न्यावे, आणि प्रत्येकाकडून एकच प्रश्न व त्याचे एक पानभर उत्तर लिहून घ्यावे. एप्रिलात पाणी तळाला गेलेले असते. तुडूम तेव्हा पूर्ण दिसतो.