गंगेतला सूंस

काशीला जाऊन आलेला माणूस गंगेच्या पाण्याची लोटी घरी आणतो. त्याच गंगेत एक प्राणी राहतो. तिकडचे लोक त्याला सूंस म्हणतात. पुस्तकात त्याला डॉल्फिन म्हणतात. नावावरून सुसर आठवेल, पण ही सुसर नव्हे. दिसतो माशासारखा, पण तो मासाही नव्हे.

मासा पाण्यातच श्वास घेतो. सूंसला ते जमत नाही. त्याला आपल्यासारखी फुप्फुसे आहेत. थोड्या थोड्या वेळाने तो वर येतो, सूं करून श्वास सोडतो, नवा घेतो आणि बुडी मारतो. मादी पिलाला दूध पाजते. दोन-तीन वर्षांनी तिला एकच पिलू होते.

सूंस जवळजवळ आंधळा असतो. तो आवाज काढतो. आवाज आदळून परत आला की पुढे काय आहे ते त्याला कळते. पण जाळ्याचा बारीक धागा त्याला उमगत नाही. जाळ्यात अडकला की वर येता येत नाही, आणि पाण्यातला प्राणी पाण्यातच गुदमरून मरतो.

काही लोक तेलासाठी त्याला मारीत. १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी झाली. १९७५ साली फरक्क्याला गंगेवर मोठा बंधारा झाला. सूंसांची ये-जा अडली. शिवाय नदीत घाण येते आणि उन्हाळ्यात पाणी आटते.

२०२१ ते २०२३ मध्ये सरकारने मोजणी केली. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत ६,३२४ सूंस आढळले. पंजाबातल्या बियास नदीत त्यांचे भाऊबंद फक्त ३ दिसले.

सहा हजार म्हणजे पुष्कळ, असे कोणी म्हणेल. चीनच्या यांगत्से नदीतही असाच प्राणी होता. २००६ साली लोकांनी सहा आठवडे नदी धुंडाळली. एकही सापडला नाही!

सूंस सोडवायचा तर जाळे कापावे लागते. जाळ्याला पैसे पडतात. कोळ्याचे पोट त्यावर आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून सगळा भार त्याच्या एकट्याच्या माथी नको. नदी सर्वांची, तशी तिची राखणही सर्वांची.

आपल्या गोदेत, कृष्णेत सूंस नाही. पण घाण आणि आटणारे पाणी आपल्याकडेही आहे. आपल्या नदीत पूर्वी कोणते मासे होते? आज कोणते उरले? घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहा.