हीट पंप बसवल्यानंतरचा पहिला तास

हीट पंप या नावामुळे पुष्कळांची समजूत होते की हे पाण्याच्या मोटारीसारखे काही असावे. प्रत्यक्षात घरगुती हीट पंप म्हणजे आपल्या ओळखीचा स्प्लिट एसीच, फरक इतकाच की त्याच्या बाहेरच्या पेटीत चार तोंडांचा एक व्हॉल्व्ह असतो. तो फिरला की गॅसचा रस्ता उलटतो आणि मशीन बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून खोलीत आणते. बाजारात याला 'हॉट अँड कोल्ड' म्हणतात. साध्या हीटरमध्ये एक युनिट वीज जाळली तर एकाच युनिटाएवढी उष्णता मिळते. हे मशीन सौम्य थंडीत तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट उष्णता देते, कारण ते उष्णता तयार करत नाही, वाहून आणते.

आपल्याकडे ही मशिने बहुतेक एप्रिल-मे महिन्यांत बसतात आणि इथेच घोटाळा होतो. नाशिककडच्या एका नातेवाइकांकडे असे मशीन भर उन्हाळ्यात बसले. गार हवा आली, कारागिराचे पैसे चुकते झाले, चहापाणी झाले. डिसेंबरात थंडी पडली, घरातल्या वृद्धांसाठी गरम हवेचे बटण दाबले, तर नुसती कोमट झुळूक. दुसऱ्या कारागिराने पाहिले तेव्हा नटाच्या जोडातून निम्म्याहून अधिक गॅस गेलेला होता. बसवण्याच्या दिवशी व्हॅक्यूम पंप गाडीतून खाली उतरलाच नव्हता. कपड्याचे ठाण आपण उलगडून, मोजून घेतो आणि पन्नास हजारांचे मशीन मात्र हात लावून 'गार लागते' एवढ्यावर घेतो!

आता कामाचे बोलू. पाइप जोडले की आधी जोड तपासायचे. बारीक पाइप बहुधा दोन सूत, जाड तीन किंवा चार सूत. नट फार आवळला तर तांब्याचे तोंड चिरते, कमी आवळला तर गळते. म्हणून टॉर्क पाना वापरावा, अंदाजावर जाऊ नये. त्यानंतर बाहेरच्या पेटीचे व्हॉल्व्ह बंदच ठेवून पाइपांत कोरडा नायट्रोजन भरायचा. किती दाबापर्यंत, ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्याच्या पुढे जाऊ नये. साबणाचे पाणी लावून प्रत्येक जोड पाहावा आणि दाब काही वेळ तसाच सोडावा. काटा थोडा उतरला म्हणून लगेच घाबरू नये. 400 पौंड दाब भरलेला असेल आणि हवा 10 अंशांनी गार झाली, तर काटा 13-14 पौंडांनी आपोआप उतरतो. त्याहून जास्त उतरला तर मात्र गळती शोधावी.

एक गोष्ट ठणकावून सांगतो. नायट्रोजनचे सिलिंडर नाही म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन भरणारे महाभाग आहेत. कंप्रेसरच्या तेलाला दाबाचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो. यात कारागिराचा जीव जातो. नायट्रोजन नसेल तर त्या दिवशी काम थांबवावे, हेच योग्य.

मग व्हॅक्यूम. पुष्कळ कारागीर मशीनमधलाच थोडा गॅस सोडून पाइपांतली हवा हाकलतात. दहा सेकंदांत काम होते, पण हवेतली ओल पाइपांतच राहते. आजच्या मशीनमधले तेल ओल शोषून घेते, त्याचे आम्ल बनते आणि दोन-तीन वर्षांनी कंप्रेसर बसतो. तोवर बसवणाऱ्याचे नाव कोणाच्या लक्षातही नसते. शिवाय आता बहुतेक मशिनांत आर-32 गॅस येतो आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून बंद खोलीत तो सोडणे धोक्याचे. पंप लावून 500 मायक्रॉनपर्यंत खाली न्यावे. त्या निर्वातात पाणी शून्याखाली 24 अंशांच्या आसपासही उकळून वाफ होते, म्हणजे पाइपांतली ओल निघून जाते. साध्या गेजचा काटा हे दाखवू शकत नाही, त्यासाठी मायक्रॉन गेजच हवा. पंप बंद करून 10-15 मिनिटे पाहावे. आकडा भराभर चढत गेला तर गळती आहे. थोडा चढून थांबला तर ओल राहिली आहे, पंप पुन्हा लावावा.

गॅस काट्यावर तोलून भरावा, प्रेशर पाहून नव्हे. इन्व्हर्टर मशीनचा कंप्रेसर वेग बदलत असतो, त्यामुळे प्रेशर फसवते. कारखान्यातून ठरावीक लांबीच्या पाइपापुरता गॅस भरून येतो. त्यापुढे मीटरला किती ग्रॅम, हे मशीनच्या पाटीवर असते.

वीज 230 व्होल्ट असावी. मशीन भरात चालू असताना 207 च्या खाली जाता कामा नये. अर्थिंग आहे की नाही हे पाहणे कारागिराचेच काम.

आता चालवून पाहू. गार हवेवर 15-20 मिनिटे चालवा. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक हवा. दमट हवेत तो कमी दिसतो. नंतर टंग टेस्टरने अँपिअर पाहून पाटीशी ताडून घ्या.

गरम हवेवर नेण्याआधी लो प्रेशरचा गेज काढून ठेवावा. व्हॉल्व्ह उलटला की त्याच जाड पाइपातून कंप्रेसरचा तापलेला, भारी दाबाचा गॅस वाहतो आणि गेज निकामी होतो. बऱ्याच मशिनांत बाहेर 24 अंशांपेक्षा अधिक गरमी असेल तर गरम हवेला मनाई असते. अशा वेळी पुस्तिकेतल्या चाचणी-बटणाने, भल्या सकाळी, थोडाच वेळ चालवावे. व्हॉल्व्ह फिरल्याचा 'फुस्स' आवाज येतो, जाड पाइप तापतो, एवढी खात्री पुरेशी. खरे आकडे थंडीतच मिळतील. खोली 20 अंशांवर असताना 35 ते 45 अंशांची हवा यावी.

गिऱ्हाइकाला एक गोष्ट आधीच समजावून सांगावी. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या पेटीवर बर्फ धरतो. मशीन तो वितळवण्यासाठी थोडा वेळ उलटे चालते. आतला पंखा थांबतो, बाहेर वाफ निघते आणि घरचे लोक धूर समजून मेन स्विच बंद करतात. पेटीखालून पाणीही गळते, तेव्हा खाली शेजाऱ्यांची गॅलरी असेल तर नळी आधीच लावावी.

हे सर्व आकडे, म्हणजे नायट्रोजनचा दाब, मायक्रॉन, भरलेले ग्रॅम, व्होल्ट, अँपिअर, हवेचे अंश, एका कागदावर तारखेसह लिहून एक प्रत गिऱ्हाइकाला द्यावी, एक स्वतःकडे ठेवावी. बिलातली काही रक्कम डिसेंबरच्या फेरीपर्यंत मागे ठेवण्याचे दोघांनी कामाआधीच ठरवले, तर गरम हवेची राहिलेली तपासणी त्या फेरीत होऊन जाते.